जुन्या शॉपिंग सेंटरच्या जागी दुकाने आणि घरे : सहकारी बँकेच्या कर्जातून स्वयंपुनर्विकास कसा करावा

मुंबईच्या उपनगरांत १९७० आणि १९८० च्या दशकांत रेल्वे स्थानकाजवळ बांधलेली ‘शॉपिंग सेंटर’ आजही अनेक ठिकाणी उभी आहेत. तळमजल्यावर बोळाच्या दोन्ही बाजूंना गाळे, पहिल्या मजल्यावर दवाखाने, शिकवण्या आणि कर सल्लागारांची कार्यालये, त्यावर दोन मजले घरे, अशी त्यांची साधारण रचना असते. अशाच एका इमारतीच्या संस्थेचा मी मानद सचिव होतो. आमचे २२ गाळे, १० कार्यालये आणि २४ सदनिका होत्या. विकासकाकडे न जाता संस्थेनेच कर्ज काढून ती इमारत पाडली आणि खाली दुकाने व वर घरे असलेली नवी इमारत उभी केली.

केवळ सदनिका असलेल्या संस्थांच्या स्वयंपुनर्विकासाबद्दल बरीच माहिती मिळते. मात्र दुकाने असलेल्या इमारतीचे गणित वेगळे असते आणि त्याबद्दल आम्हाला कोणी आधी सांगितले नव्हते. म्हणून हा लेख सर्व पायऱ्यांना सारखी जागा न देता, दुकानांमुळे जिथे अडते तिथे अधिक थांबला आहे. चटई क्षेत्र निर्देशांकाचे (एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधता येते ते प्रमाण) आकडे मुंबई महापालिका हद्दीपुरते आहेत. ठाणे, पुणे, नाशिक यांसारख्या शहरांना डिसेंबर २०२० पासूनची एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली लागू आहे, त्यामुळे तेथील हिशेब निराळा निघेल.

१. आपली संस्था कोणत्या प्रकारची आहे, हे आधी पाहा

नोंदणी प्रमाणपत्र काढून त्यावरचे वर्गीकरण वाचा. दुकाने आणि घरे दोन्ही असलेली संस्था बहुधा सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणून नोंदलेली असते. केवळ गाळे आणि कार्यालये असतील, तर ती ‘प्रिमायसेस सोसायटी’ असू शकते. हा फरक कागदापुरता नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७९अ अन्वये ४ जुलै २०१९ रोजी शासनाने पुनर्विकासाची जी कार्यपद्धती ठरवून दिली, ती गृहनिर्माण संस्थांसाठी आहे. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतील ३३(७)(ब) या विनियमाखाली मिळणारे प्रोत्साहनपर क्षेत्र, म्हणजे अस्तित्वातील बांधकामाच्या १५ टक्के किंवा प्रत्येक सदनिकेमागे १० चौरस मीटर यांपैकी जे जास्त असेल ते, हेही निवासी गृहनिर्माण संस्थांना उद्देशून आहे. निव्वळ व्यापारी संकुलाने ते क्षेत्र गृहीत धरून हिशेब मांडू नये. आपल्या वर्गीकरणाबद्दल शंका असल्यास उपनिबंधकांना लेखी पत्र द्या आणि उत्तरही लेखीच घ्या.

२. जमीन संस्थेच्या नावावर करून घ्या

मालमत्ता पत्रकावर संस्थेचे नाव नसेल, तर बँक जमीन तारण घेणार नाही आणि पुढचे सारे थांबेल. मूळ बिल्डरने अभिहस्तांतरण (संस्थेच्या नावे मालकीचा दस्त) करून दिले नसेल, तर मोफा या सदनिका मालकीबाबतच्या राज्याच्या कायद्याच्या कलम ११ खाली जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरच्या सहीविना मालकी मिळण्याचा, अर्ज करता येतो. त्याचा आदेश हाती आला, की अनेक संस्था सुटकेचा निःश्वास टाकून पेढे वाटतात. आम्हीही वाटले. प्रत्यक्षात आदेशानंतर दस्ताचे मुद्रांकन, दुय्यम निबंधकांकडे नोंदणी आणि नगर भूमापन कार्यालयात मालमत्ता पत्रकावर नोंद, असे तीन टप्पे उरतात. शेवटच्या टप्प्यावर आमच्या भूखंडाचे पत्रकावरील क्षेत्र आणि मंजूर नकाशावरील क्षेत्र यांत तफावत निघाली. बांधता येणारे क्षेत्र मोजताना बहुधा कमी आकडाच धरला जातो, त्यामुळे भूखंडाची सरकारी मोजणी याच टप्प्यावर करून घ्यावी.

३. संरचनात्मक तपासणी आणि तिचा योग्य उपयोग

आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांहून जुन्या इमारतीची दर ३ वर्षांनी संरचनात्मक तपासणी करावी लागते. मुंबईत अहवालाअंती इमारतीचे सी-१, सी-२अ, सी-२ब किंवा सी-३ असे वर्गीकरण होते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडण्याजोगी; सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. काही सभासदांना वाटते, की कसेही करून सी-१ मिळवले की विरोधक आपोआप बाहेर पडतील. हा मार्ग धरू नका. विरोधी गटाने दुसरा अहवाल आणला, की प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जाते आणि दरम्यान सभासदांमधला विश्वास नाहीसा होतो. शिवाय मुंबई महापालिका अधिनियमाच्या कलम ३५४ ची (धोकादायक इमारतीबाबतची) नोटीस लागल्यानंतर दुकाने तातडीने बंद करावी लागतात, आणि हातात ना कर्ज ना मंजूर नकाशा अशा अवस्थेत गाळेधारक रस्त्यावर येतो. पुनर्विकासासाठी इमारत कोसळण्याच्या बेतात असण्याची गरज नसते. सर्वसाधारण सभेचा निर्णय पुरेसा असतो.

४. गाळेधारकांशी बोलणी : खरा प्रकल्प इथेच ठरतो

सदनिकाधारकाला विचारले तर तो ‘किती जागा जास्त मिळेल’ असे विचारतो. गाळेधारकाचा पहिला प्रश्न ‘माझे दुकान कुठे येईल’ हा असतो, आणि तो रास्त आहे. रस्त्याकडेच्या १० चौरस मीटरच्या गाळ्याला जी किंमत आहे, ती आतल्या बोळातल्या १५ चौरस मीटरच्या गाळ्याला नाही. पहिल्या आराखड्यात आम्ही सर्व गाळ्यांना सरसकट २० टक्के वाढीव क्षेत्र दिले होते आणि गाळेधारक खूश होतील असे समजून बसलो होतो. सभेत किराणा दुकानाच्या मालकांनी नकाशावर बोट ठेवून विचारले, “सचिवसाहेब, वीस टक्के मागच्या बाजूला देऊन करू काय? माझी दर्शनी बाजू नऊ फुटांची सात फूट झालेली दिसते.” ते बरोबर होते. त्यानंतर आम्ही गाळ्यांचा तक्ता नव्याने बनवला आणि त्यात क्षेत्रफळाआधी तीन रकाने घातले : दर्शनी बाजूची रुंदी, छताची उंची, आणि रस्ता की बोळ.

या टप्प्यावर पुढील गोष्टी क्रमाने करा.

पहिले, प्रत्येक गाळ्याचे चटई क्षेत्र वास्तुविशारदाकडून मोजून घ्या, ते मंजूर नकाशाशी ताडून पाहा आणि मोजमापाच्या पत्रकावर गाळेधारकाची सही घ्या. पोटमाळा, दुकानापुढचा ओटा, मागे बांधलेले गोदाम, बोळात सरकलेले शटर यांतले जे मंजूर नकाशात नाही, त्यापोटी नव्या इमारतीत हक्काचे क्षेत्र मिळत नाही. ही कटू गोष्ट वैयक्तिक भेटीत सांगावी. भर सभेत सांगितल्यास ती अपमानासारखी लागते.

दुसरे, गाळा कोणाच्या ताब्यात आहे हे तपासा. मालक स्वतः बसतो, लिव्ह अँड लायसन्सवर दिला आहे, की पागडीचा जुना भाडेकरू आहे, या तीन स्थितींत कायदेशीर हक्क वेगवेगळे असतात. परवानाधारकाचा करार मालकाने वेळेत संपवायचा असतो. पागडीच्या भाडेकरूला मात्र भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण असल्यामुळे त्याच्याशी स्वतंत्र लेखी करार केल्याशिवाय इमारत रिकामी होणार नाही.

तिसरे, वारसांचे प्रश्न आत्ताच सोडवा. जुन्या बाजारात वडिलांच्या नावावरचे दुकान दोन भाऊ चालवतात आणि तिसरा भाऊ परगावी असतो, असे हमखास आढळते. नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे. वारसांमध्ये वाद असल्यास नव्या गाळ्याचा करार कोणाशी करायचा, हा प्रश्न नेमका ताबा देण्याच्या दिवशी उभा राहतो.

चौथे, कार्यालयधारकांना सदनिका घेण्याचा पर्याय द्या. आमच्याकडे १० पैकी ८ जणांनी तो स्वीकारला. तो का महत्त्वाचा ठरला, हे कर्जाच्या पायरीत कळेल.

५. विशेष सर्वसाधारण सभा आणि मतांची मोजणी

२०१९ च्या कार्यपद्धतीनुसार सभेला एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश उपस्थितीची गणपूर्ती लागते आणि पुनर्विकासाच्या निर्णयाला एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते. ‘उपस्थितांपैकी’ नव्हे, ‘एकूण सभासदांपैकी’, हा शब्द लक्षात ठेवा. २००९ च्या जुन्या निर्देशांतील टक्केवारी अजूनही काही जण सांगत असतात. तिच्यावर विसंबू नका.

व्यापारी संकुलात इथे एक खाच असते. सहकार कायद्याप्रमाणे एका सभासदाला एकच मत असते, मग त्याचे गाळे कितीही असोत. आमच्याकडे ५६ जागा होत्या, पण सभासद ४९, कारण काहींकडे दोन-तीन गाळे होते. त्यामुळे गणपूर्ती ३३ आणि आवश्यक संमती २५ ठरली. तीन गाळ्यांच्या मालकाला तीन मते हवी होती. त्यांना कायदा दाखवावा लागला. संख्येने सदनिकाधारक अधिक असल्यामुळे दुकानदारांना डावलून ठराव मंजूर करणे शक्य असते. तो मोह टाळा. २५ मतांवर ठराव होतो, पण प्रकल्पाला सर्व ५६ किल्ल्या लागतात.

सभेचे चित्रीकरण करा, उपस्थितीपत्रकावर सह्या घ्या आणि इतिवृत्त प्रत्येक सभासदाला पोहोच घेऊन द्या. याच सभेत संस्थेने कर्ज उभारण्याचा स्वतंत्र ठराव करून घ्या. अधिनियमाच्या कलम ४३ आणि त्याखालील नियमांनुसार संस्थेच्या कर्ज उभारणीला भागभांडवल व निधी यांच्याशी जोडलेली मर्यादा आहे. जुन्या संस्थांचे भागभांडवल नाममात्र असल्यामुळे प्रकल्पाचे कर्ज त्या मर्यादेत मुळीच बसत नाही, म्हणून निबंधकांची परवानगी वेळेत मागावी लागते.

६. किती बांधता येईल, याचा प्रामाणिक हिशेब

भूखंडासमोरचा रस्ता किती रुंद आहे, यावर सर्व अवलंबून आहे. उपनगरांत ९ मीटरहून अरुंद रस्त्यावर मूळ निर्देशांक १ च्या पुढे जाता येत नाही. ९ मीटर आणि त्याहून रुंद रस्त्यांवर अधिमूल्य (जादा बांधकामासाठीचे शुल्क) भरून घेतलेला एफएसआय आणि टीडीआर (विकत घेता येणारे हस्तांतरणीय विकास हक्क) मिळून तो रुंदीप्रमाणे २ ते २.५ पर्यंत जातो. त्यावर ३५ टक्के ‘फंजिबल’, म्हणजे निर्देशांकाच्या वरचे जादा क्षेत्र मिळते. मूळ सभासदांच्या पुनर्वसनापुरते ते अधिमूल्याशिवाय असते, विक्रीच्या भागासाठी मात्र पैसे मोजावे लागतात.

उदाहरणादाखल आमच्याच प्रकल्पाचे आकडे घेऊ. १,४०० चौरस मीटरचा भूखंड आणि निर्देशांक २ धरल्यास २,८०० चौरस मीटर, आणि त्यावर ३५ टक्के म्हणजे ९८० मिळून ३,७८० चौरस मीटर बांधकाम होते. यातून मूळ सभासदांचे क्षेत्र वजा केल्यावर जे उरते, ते विकून कर्ज फेडायचे असते. वास्तुविशारद कागदावर मोठे क्षेत्र दाखवतात, पण वाहनतळ, जिने, अग्निशमनासाठी मोकळी जागा आणि विमानतळाजवळ असल्यास उंचीची मर्यादा यांमुळे ते सगळे भूखंडावर बसेलच असे नाही. त्यांच्याकडून नुसता तक्ता न घेता, मजलानिहाय नकाशा काढून त्यात ते क्षेत्र बसवून दाखवण्याचा आग्रह धरा.

७. कर्ज : दोन टक्केवाऱ्या ज्यांवर सारे अडते

रिझर्व्ह बँकेने जून २०२२ मध्ये राज्य आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना निवासी गृहप्रकल्पांना कर्ज देण्याची मुभा दिली आणि त्यासाठी बँकेच्या एकूण मालमत्तेच्या ५ टक्क्यांची गृहकर्जाची आधीचीच मर्यादा कायम ठेवली. मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेची स्वयंपुनर्विकासासाठी स्वतंत्र योजना आहे. राज्याच्या मे २०२५ मधील ‘माझे घर, माझे अधिकार’ या गृहनिर्माण धोरणात स्वयंपुनर्विकासासाठी २,००० कोटी रुपयांच्या निधीची तरतूद आहे. याआधी १३ सप्टेंबर २०१९ च्या शासन निर्णयात वाढीव चटई क्षेत्रासह व्याजात ४ टक्के सवलतीसारख्या गोष्टी होत्या. माझा सल्ला असा, की व्याज सवलत किंवा शासकीय निधी आपल्या संस्थेच्या नावाने मंजुरीपत्रात येईपर्यंत हिशेबात शून्य धरावा. आमच्या पहिल्या सल्लागाराने सवलतीचा दर धरून तक्ता केला होता. बँकेच्या अधिकाऱ्यांनी दर बदलताच त्यातली सारी शिल्लक संपली.

आता मुख्य अडचण. रिझर्व्ह बँकेच्या व्याख्येनुसार प्रकल्पातील व्यापारी क्षेत्र एकूण चटई क्षेत्र निर्देशांकाच्या (एफएसआय) १० टक्क्यांपर्यंत असेल तरच ते कर्ज निवासी गृहप्रकल्पाचे मानले जाते. त्याहून जास्त झाले, की ते व्यापारी स्थावर मालमत्तेचे कर्ज ठरते, आणि जून २०२२ ची मुभा निवासी प्रकल्पांपुरती आहे. निव्वळ सदनिकांच्या संस्थेला हा प्रश्न कधीच पडत नाही. जुन्या शॉपिंग सेंटरला तो पहिल्याच दिवशी पडतो. आमचे गाळे मिळून २६४ आणि कार्यालये मिळून २०० चौरस मीटर चटई क्षेत्राची होती. एक इंचही वाढ न देता ही बेरीज ४६४ होते, म्हणजे ३,७८० च्या १२ टक्क्यांहून जास्त, आणि भिंतींचे क्षेत्र धरल्यास आणखी पुढे. एका बँकेने आमची फाइल चार महिने ठेवून याच कारणाने परत केली, आणि परत करताना कारणही तोंडीच सांगितले.

मार्ग दोन बाजूंनी निघाला. ८ कार्यालयधारकांनी सदनिका घेतल्यामुळे १६० चौरस मीटर व्यापारी क्षेत्र कमी झाले. गाळेधारकांनी वाढीव क्षेत्राचा आग्रह सोडला आणि त्या बदल्यात प्रत्येकाला पूर्वीइतकी किंवा अधिक दर्शनी रुंदी, उंच छत आणि बोळाऐवजी रस्त्याकडे किंवा रुंद मार्गिकेकडे तोंड मिळाले. उरलेले ३०४ चौरस मीटर, भिंतींसह सुमारे ३५०, हे १० टक्क्यांच्या आत बसले. विक्रीसाठी नवीन दुकाने काढण्याची कल्पनाही आम्ही सोडली, जरी दुकानाला चौरस फुटामागे जास्त भाव मिळतो.

दुसरी टक्केवारी वस्तू व सेवा कराची आहे. प्रकल्पातील व्यापारी चटई क्षेत्र एकूण चटई क्षेत्राच्या १५ टक्क्यांपर्यंत असेल, तर तो निवासी प्रकल्प मानला जातो आणि बांधकामाधीन दुकानांच्या विक्रीवरही घरांप्रमाणे ५ टक्के दर लागतो. त्यापुढे दुकानांवर १२ टक्के. पहिली मोजणी चटई क्षेत्र निर्देशांकावर आणि दुसरी प्रत्यक्ष चटई क्षेत्रावर असल्यामुळे दोन्ही हिशेब वेगळे करून घ्या. कंत्राटदाराच्या बिलावर लागणारा १८ टक्के कर तर अनेक संस्थांच्या अंदाजपत्रकात नसतोच. सभासदांना मिळणाऱ्या जागांवरील कराबाबत सनदी लेखापालाचे लेखी मत घेऊन ते फाइलला लावा.

अंदाजपत्रकात अधिमूल्ये, टीडीआरची खरेदी, कंत्राटदार, सल्लागारांचे शुल्क, सभासदांचे पर्यायी भाडे आणि बांधकाम काळातील व्याज हे सहा मुख्य खर्च येतात. व्याजाचा कालावधी ठरवताना बांधकाम संपेपर्यंतचा काळ न धरता भोगवटा प्रमाणपत्रानंतर आणखी सहा महिने धरा, कारण शेवटच्या सदनिका विकल्या जाईपर्यंत व्याज चालूच राहते.

८. परवानग्या आणि कंत्राटदार

महापालिकेचा पहिला महत्त्वाचा कागद म्हणजे आयओडी. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ ‘नामंजुरीची सूचना’ असा होतो आणि तरीही तीच मंजुरी असते. पहिल्यांदा तो कागद पाहून आमचे अध्यक्ष घाबरले होते. त्यातील अटींची पूर्तता केल्यावर जोत्यापर्यंतचे प्रारंभ प्रमाणपत्र, पुढे वरच्या मजल्यांसाठी त्याची वाढ आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र असा क्रम असतो. अग्निशमन दलाचे ना हरकत प्रमाणपत्र घेताना दुकानांचे आणि घरांचे जिने, प्रवेश आणि मीटरच्या खोल्या वेगळ्या ठेवाव्यात. आयओडी मिळण्याआधी एकही गाळा रिकामा करू नका, मग कंत्राटदार कितीही घाई करो.

कंत्राटदार निविदा मागवूनच निवडा आणि कमी दराइतकेच त्याने पूर्ण केलेल्या इमारतींना महत्त्व द्या. व्यवस्थापकीय समितीतील कोणाचा नातेवाईक त्यात नको. बिलाची रक्कम प्रकल्प व्यवस्थापन सल्लागाराच्या मोजमापानंतरच द्यायची, ही अट करारात हवी. बँकही हप्ता टप्प्याटप्प्याने देते, त्यामुळे करारातील टप्पे आणि बँकेचे टप्पे एकच असू द्या. आमचे सुरुवातीला जुळत नव्हते आणि दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबनंतर काम तीन आठवडे बंद राहिले.

९. दुकानांचे स्थलांतर

घर दोन वर्षे भाड्याच्या जागेत चालते, दुकानाचे गिऱ्हाईक मात्र दोन वर्षांत दुसरीकडे वळते. म्हणून गाळेधारकांना शक्यतो त्याच रस्त्यावर, थोडी लहान का होईना, जागा शोधून देण्यात संस्थेने पुढाकार घ्यावा. पर्यायी भाडे ठरवताना घरे आणि दुकाने यांचा दर वेगळा ठेवा आणि त्याचे कारण सभेत स्पष्ट सांगा.

परवाने हा दुर्लक्षित भाग आहे. वस्तू व सेवा कराच्या नोंदणीतील पत्ता बदलल्यास १५ दिवसांत दुरुस्ती करावी लागते. औषधाच्या दुकानाचा परवाना त्या जागेपुरताच असतो, त्यामुळे तात्पुरत्या जागेसाठी नवा परवाना लागतो आणि नव्या इमारतीत परत येताना पुन्हा एकदा. खाद्यपदार्थांच्या परवान्याची आणि गुमास्ता नोंदीची माहितीही तशीच अद्ययावत करावी लागते. आमच्या औषध विक्रेत्या सभासदांनी जागा बदलण्यापूर्वी दोन महिने अर्ज केला म्हणून त्यांचे दुकान एक दिवसही बंद राहिले नाही. ज्यांनी आयत्या वेळी धावपळ केली, त्यांचे हाल झाले.

१०. विक्री, महारेरा आणि ताबा

विक्रीचा भाग आहे म्हणजे खरेदीदारांच्या दृष्टीने संस्था स्वतः प्रवर्तक, म्हणजे बिल्डरच्या जागी आहे. त्यामुळे महारेरा या राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडील नोंदणीआधी एकही सदनिका आरक्षित करू नका. ओळखीतल्या माणसाकडून घेतलेली ‘टोकन’ रक्कमही नको. खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवून ती वास्तुविशारद, अभियंता आणि सनदी लेखापाल यांच्या प्रमाणपत्रांवरच काढता येते. बँकेचा हप्ता कोणत्या खात्यातून जाणार, याची लेखी सांगड कर्जाच्या करारातच घाला.

सदनिकांचे वाटप सोडतीने करता येते, गाळ्यांचे मात्र कधीही सोडतीने करू नये. प्रत्येक गाळ्याचा नव्या नकाशावरील क्रमांक, दर्शनी रुंदी आणि शेजार हे कायमस्वरूपी पर्यायी जागेच्या करारातच, नकाशा जोडून, निश्चित करा. भोगवटा प्रमाणपत्राआधी दुकाने सुरू करण्याची मागणी सणासुदीच्या तोंडावर हमखास येते. ती लेखी नाकारा.

लागणारी कागदपत्रे

• संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र, मंजूर उपविधी आणि गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल
• अभिहस्तांतरण दस्त, सूची क्रमांक २ आणि मालमत्ता पत्रक
• भूखंडाच्या सरकारी मोजणीचा नकाशा
• जुना मंजूर नकाशा, आणि असल्यास जुने भोगवटा प्रमाणपत्र
• विकास आराखड्याचा अभिप्राय, ज्यात रस्त्याची रुंदी आणि आरक्षण दिसते
• संरचनात्मक तपासणीचा अहवाल
• सर्व गाळे, कार्यालये आणि सदनिकांचे सहीसह मोजमाप पत्रक
• सभासदांची यादी, भागपत्रे, वारस नोंदी आणि भाडेकरूंचे करार
• विशेष सर्वसाधारण सभेची सूचना, इतिवृत्त, चित्रीकरण आणि वैयक्तिक संमतिपत्रे
• कर्ज उभारणीचा ठराव आणि निबंधकांची परवानगी
• वकिलाचा मालकी हक्क शोध अहवाल
• सविस्तर प्रकल्प अहवाल, ज्यात व्यापारी क्षेत्राची टक्केवारी दोन्ही पद्धतींनी काढलेली असेल
• महिनावार रोख प्रवाहाचा तक्ता

११. ताब्यानंतर

बांधकामातील दोषांबद्दल रेरा कायद्याच्या कलम १४(३) खाली ताब्यापासून ५ वर्षे प्रवर्तक जबाबदार असतो. इथे प्रवर्तक आपणच आहोत. नवीन खरेदीदाराच्या घरात पाणी झिरपले, तर तो संस्थेच्या दारात येईल. त्या वेळी कंत्राटदाराची हमी एक वर्षाचीच आहे, असे करारात निघाले तर खर्च जुन्या सभासदांच्या खिशातून जातो. म्हणून कंत्राटदाराचा दोष दुरुस्तीचा कालावधीही ५ वर्षांचा ठेवा आणि त्याच्या रकमेचा काही भाग किंवा बँक हमी तेवढा काळ राखून ठेवा. आम्ही करारातील एका वर्षाचा आकडा सहीच्या आदल्या दिवशी पाहिला आणि बदलून घेतला. पहिल्याच पावसाळ्यात तळमजल्यावरील चार दुकानांच्या छतातून गळती झाली. ती कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून दिली.